शहापूरचा टाका

गेल्या शनिवारी एका जर्सी-संग्राहकानं माझी हॉकीची जर्सी उलटी केली, आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि अगदी डॉक्टरच्या सुरात म्हणाला, "काम सुंदर झालंय. पण ही आता ऑथेंटिक राहिली नाही."

तेव्हापासून डोकं तापलंय. बाहेर उणे २४ आहे, त्याचाही उपयोग होत नाहीये.

कॅनडातल्या विनिपेगच्या थंडीचं पुराण मागं सांगून झालंय, ते परत नको. हॉकीचं वेड मात्र आजवर तुमच्यापासून लपवलं होतं, कारण आपल्याकडं हॉकी म्हटलं की बंडू पाटील. टोकियोला १९६४ मध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या संघात आपल्या बेळगावचा माणूस होता, हे आमच्या घरात पाढ्यांबरोबर शिकवलेलं. इथं नुसतं 'हॉकी' म्हटलं की बर्फावरची. आपल्या हॉकीला हे लोक 'फील्ड हॉकी' म्हणतात, जणू तीच नंतर आली. पहिल्या वर्षी याचासुद्धा राग आला होता. मग एका मैत्रिणीनं विनिपेग जेट्सच्या, म्हणजे बर्फावरच्या हॉकीची मोठी लीग एनएचएल, तिच्यातल्या इथल्या संघाच्या मॅचला नेलं आणि विषय संपला. आता कपाटात अकरा जर्सी आहेत. नवऱ्याचे शर्ट खुर्चीवर असतात.

अकरातली पहिली नकली निघाली. ऑनलाइन स्वस्तात घेतलेली. खऱ्या जर्सीला आत, पाठीच्या खालच्या कडेला, एक पट्टा असतो. मारामारी झाली (होतेच) तर समोरच्यानं जर्सी डोक्यावरून ओढून आंधळं करू नये म्हणून तो पँटला अडकवायचा. बफेलोच्या संघातला रॉब रे नावाचा खेळाडू उलटं करायचा, भांडण सुरू झालं की जर्सीच काढून टाकायचा, म्हणजे समोरच्याला धरायला काही उरायचंच नाही. शेवटी लीगनं नियम केला, पट्टा न बांधता मारामारी केलीस आणि जर्सी निघाली तर मॅचमधून बाहेर. आपल्या बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यातल्या पैलवानाला हे सांगितलं तर लंगोट आवळून हसेल. तर माझ्या पहिल्या जर्सीचा हा पट्टा दोन टाक्यांवर लोंबत होता, ओढला तसा हातात आला. खऱ्या पट्ट्याला चौकोनी शिलाई आणि त्यात फुली असते. हे त्या दिवशी साठ डॉलरला शिकले.

बाकीचंही हळूहळू कळलं. साध्या जर्सीवर नंबर चिकटवलेला असतो. ऑथेंटिकवर, म्हणजे खेळाडू घालतात तसल्या जर्सीवर, ट्विल कापडाचे थर एकावर एक ठेवून कडेनं बारीक झिगझॅग मारलेली असते. माप ४६ पासून पुढं, कारण आत खांद्याचे पॅड जायचे असतात. नाव पाठीवर थेट नसतं, वेगळ्या पट्टीवर अक्षरं शिवून ती पट्टी पाठीला लावतात. खेळाडू गेला की पट्टी उसवायची, दुसऱ्याची लावायची. जाणकार लोक भिंग घेऊन जुन्या सुईची भोकं शोधतात आणि या पाठीवर आधी कोण होतं ते सांगतात. आपल्या गावाची पट्टी २०१४ ला बदलली. आमची आजी मात्र 'बेळगावी' कधी म्हणाली नाही, एस.टी.च्या कंडक्टरशीसुद्धा नाही.

आता त्या शनिवारच्या जर्सीकडं येते. पांढरी, निळ्या-लाल पट्ट्यांची, पाठीवर १३, टीमू सेलॅने. फिनलंडचा हा पोरगा १९९२-९३ मध्ये पहिल्याच हंगामात ७६ गोल मारून बसला. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. त्या वर्षी स्टॅन्ली कपला, म्हणजे लीगच्या करंडकाला, शंभर वर्षं झाली म्हणून सगळ्या संघांच्या जर्सीवर एक बिल्ला होता, तोही हिच्यावर आहे. दिली आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी. (इथं गल्ली नसते, पण मी म्हणते.) २ मार्च १९९३ ला सेलॅनेनं ५४ वा गोल मारून नवख्यांचा जुना विक्रम मोडला, हातातला ग्लोव्ह हवेत उडवला आणि स्टिकची बंदूक करून त्यावर 'गोळ्या' झाडल्या, तेव्हा आजोबा हीच घालून स्टेडियमात होते. ते जर्सी म्हणत नाहीत, 'स्वेटर' म्हणतात, कारण पूर्वी त्या खरोखरच लोकरीच्या असत.

हे संघाचं प्रकरणही ऐकण्यासारखं आहे. जेट्स १९९६ मध्ये शहर सोडून फिनिक्सला गेले, वाळवंटात. पंधरा वर्षं विनिपेगमध्ये एनएचएलचा संघच नव्हता, आणि लोकांनी जर्सी कपाटात डांबराच्या गोळ्या घालून जपल्या. २०११ ला संघ आला तो अटलांटाहून उचलून आणलेला, नाव मात्र पुन्हा जेट्स. सेलॅनेचे ७६ गोल तेव्हा फिनिक्सला गेलेल्या संघाच्या वहीतच राहिले. पण हे कुठल्याही विनिपेगकराला सांगून बघा. तो तुम्हाला बर्फात उभं करून समजावेल की जेट्स म्हणजे जेट्स. मला समजवावं लागलं नाही. माझ्या बेळगावच्या आजोबांनी १ नोव्हेंबर १९५६ ला घर न बदलता राज्य बदललं होतं, मुंबईतून म्हैसूरमध्ये, वही कुठली आणि माणूस कुठला हा हिशोब आम्हाला पाठ आहे.

जर्सीची अवस्था वाईट होती. नावाची पट्टी अर्धी सुटलेली, तीनचा आकडा खालून उसवलेला, कोपर फाटलेलं. इथल्या दुकानानं सहा आठवडे सांगितले, वर म्हणाले, जुनं ट्विल काढून नवं लावू. मी दिवाळीला गावी येतच होते. बॅगेत घातली.

घरी आल्यावर पहिला अपघात आईनं केला. मी झोपले होते तोवर जर्सी गच्चीवर, दोरीला, बाह्या पसरून. "काय गे, घामाचा वास मारूलता, धुऊन वाळत घातलो की!" शेजारच्या काकूंनी खालून विचारलंही, कुठल्या बँडवाल्याचा ड्रेस म्हणून. एकतीस वर्षांचा वास आईनं एका वडीत संपवला. आईला आणखी एक काळजी, आकडा १३ का. "तेराव्याचा आकडा पाठीवर घालून कोण हिंडतं?"

मग बेळगावातल्याच शहापूरला आमच्या टेलरमामांकडं गेले. ब्लाऊज आणि फॉल-पिको हा त्यांचा मुख्य धंदा, मोसमात क्रिकेटच्या पोरांचे टी-शर्ट. घरात कन्नड, दुकानात मराठी, मशीनला शिव्या दोन्हीत. त्यांनी जर्सी उजेडात धरली, आत हात घालून ताणली आणि म्हणाले, "हे तर पिकोचं काम. पण दोरा बघा काय घातलाय!" नवं कापड लावू का, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. जुनी भोकं दिसतात तर नवीन का पाडायची, असा त्यांचा सरळ प्रश्न. मशीन लावली तर सुई स्वतःच्या मनानं पडणार, म्हणून हातानं. चष्मा कपाळावर, डोळा कापडाला टेकलेला, ओंदु, एरडु, मूरु असं पुटपुटत एकेका जुन्या भोकातून सुई काढत ते तीनचा आकडा शिवत होते. कोपराला त्यांनी बगलेच्या आतल्या दाबातला तुकडा काढून लावला, म्हणजे रंग तोच. दोन दुपारी गेल्या. पैसे विचारले तर म्हणाले, ऐंशी रुपये द्या. मी दोनशे ठेवले तर एकशेवीस परत.

आणि हे काम त्या संग्राहक गृहस्थाला चालत नाही!

त्याच्याशी मी पाऊण तास भांडले. घरी येऊन नवऱ्याशी, तोच मुद्दा घेऊन, आणखी पाऊण तास. मुद्दा असा. २०२४ पर्यंत चाहत्यांना 'ऑथेंटिक' म्हणून विकल्या गेलेल्या आदिदासच्या जर्सी इंडोनेशियात शिवलेल्या. खेळाडूंच्या अंगावरच्या शिवल्या जातात क्वीबेकमध्ये, सेंट-हायसिंथला. म्हणजे इंडोनेशियाचा टाका चालतो. बरं, खेळाडूनं वापरलेली जर्सी फाटली आणि संघाच्या माणसानं घाईघाईत रफू केली, तर तिची किंमत वाढते! मी पाहिलेत ते रफू. आमच्या मामांनी तसं काम केलं असतं तर गिऱ्हाइकानं ब्लाऊज तोंडावर टाकला असता. मग शहापूरच्याच टाक्यानं काय घोडं मारलं?

तो शांत. "संघाचा रफू हा जर्सीच्या इतिहासाचा भाग आहे. तुमचा रफू ही दुरुस्ती. वाईट नाही, पण विकताना सांगावं लागेल."

विकणार कोण आहे? पण खरं सांगायचं तर तो चुकीचं बोलत नव्हता, आणि म्हणूनच राग जास्त. इथल्या मंडळाच्या गणपतीत पुण्याच्या एक बाई मला दरवर्षी हसतात, कारण आईशी फोनवर बोलताना माझ्या तोंडून 'मी येतो', 'मी जेवलो' निघतं. "बाई असून येतो काय? हे ओरिजिनल मराठी नव्हे हो." त्यांना मी काय काय ऐकवलंय ते इथं लिहिण्यासारखं नाही. आणि त्याच मंडळात कुणी दूध पावडरीचा गोळा करून 'बेळगावी कुंदा' म्हणून ठेवला, तर ताट हातात घेऊन, मोठ्या आवाजात, हा कुंदा नव्हे असं जाहीर करणारी कोण? मीच. कुंद्याच्या बाबतीत माझ्याकडंही भिंग आहे. पण कुंदा वेगळा. कुंद्याला खरोखरच दूध आटवावं लागतं.

रविवारी जर्सी घेऊन गल्लीतल्या त्या आजोबांकडं गेले. मला वाटलं, तेही उलटी करून बघतील. त्यांनी सरळ अंगात घातली, पोटावर अडली, तरी घातली. मग कोपर पुढं करून बोटानं चाचपत राहिले, फाटलेलं कुठं होतं ते त्यांना सापडेना. आईनं धुतल्याचं सांगितलं तर खूप हसले. बायको होती तोवर दर वर्षी धुवायची, म्हणाले. म्हणजे तो एकतीस वर्षांचा वास वगैरे माझ्याच डोक्यात. जर्सीचे मी पैसे देऊ केले होते, ते त्यांनी पुन्हा नाकारले आणि फ्रीजरमधल्या माशाचं एक पाकीटही हातात दिलं. मी शाकाहारी आहे हे त्यांना सात वर्षांत कळलेलं नाही. मीही सांगत नाही.

काल टेलरमामांच्या मुलाच्या फोनवरून फोटो आला. गल्लीतल्या क्रिकेट टीमचे टी-शर्ट, पांढरे, बाह्यांना निळी-लाल पट्टी, पाठीवर दोन थरांचा नंबर, कडेनं झिगझॅग. नावाची पट्टी वेगळी शिवलेली, पोरगं टीम सोडून गेलं तर उसवता यावी म्हणून. खाली निरोप: "१३ नंबर कुणी घेईना. तुमच्यासाठी ठेवलाय. माप सांगा."

मी सवयीनं ४६ लिहून पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, "आमच्या वहीत ३६ हाय. एवढ्यात काय झालं?"