चादरीची शिवण उसवणाऱ्या बायका

रात्रीचे तीन वाजून गेले होते. डोळे उघडे होते, म्हणजे मला पक्कं माहितीय की उघडे होते कारण चार्जरचा हिरवा लाइट दिसत होता, आणि पायाशी तीन बायका बसल्या होत्या. वीतभर उंचीच्या. माझ्या चादरीची दुमडलेली कड घेऊन निवांत शिवण उसवत होत्या, घाई नाही गडबड नाही, एकीने दाताने दोरा तोडला आणि दुसरीच्या बोटाभोवती गुंडाळत बसली. मी ओरडायला गेले तर आवाज फुटेना, करंगळीसुद्धा हलेना, आणि छातीवर कोणीतरी पोतं ठेवल्यासारखं झालेलं. मग त्यातली एक माझ्याकडे बघून बाकीच्या दोघींना म्हणाली, "हिला अजून वेळ आहे", आणि परत कामाला लागली.

बस, एवढंच. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी काय केलं असेल तर चादरीची कड तपासली. शाबूत होती. (जरा निराशाच झाली, खोटं कशाला बोलू.)

आता हे कोणालाही सांगितलं की लगेच उत्तर येतं, अगं स्लीप पॅरॅलिसिस आहे तो. माहितीय मला. झोपेच्या ज्या टप्प्यात आपण जास्तीत जास्त ठसठशीत स्वप्नं बघतो, त्याला रेम म्हणतात आणि तो 1953 साली सापडला, त्या टप्प्यात मेंदू शरीराचे स्नायू बंद करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरंच भिंतीवर जाऊन आदळू. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात, मधल्या त्या मिनिटभरात खोली खरी असते आणि स्वप्नही चालू असतं. शंभरातल्या सातआठ जणांना आयुष्यात एकदा तरी हे होतं. आणि वीतभर माणसं दिसण्यालाही नाव आहे, लिलिपुटियन हॅल्युसिनेशन, 1909 मध्ये लरॉय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दिलेलं. म्हणजे माझ्या तिन्ही बायकांची फाइल तयार आहे.

पण मला खरी उत्सुकता वेगळ्याच गोष्टीची होती. हे नाव मिळण्याआधी हजारभर वर्षं लोक या मिनिटाला काय म्हणत होते? तेव्हा ना रेम होतं ना फ्रेंच डॉक्टर, मग रात्री छातीवर बसणाऱ्याचं करायचं काय? तर युरोपातले लोक सरळ सांगायचे की एल्फ, म्हणजे तिकडचा परीच्या जातकुळीतला जीव, येऊन बसला. जर्मनमध्ये भयानक स्वप्नाला आजही आल्पट्राउम म्हणतात, त्यातला आल्प म्हणजे एल्फचाच भाऊबंद. इंग्रजीतल्या नाइटमेअरमधल्या मेअरचा घोडीशी काही संबंध नाही (मी कित्येक वर्षं घोडीच समजत होते), ती मारा नावाची बया, झोपलेल्याच्या उरावर स्वार होणारी. नॉर्वेतले लोक तर आजही या स्वप्नाला तिची स्वारीच म्हणतात. म्हणजे शब्दात अजून ती बया बसलेलीच आहे, आपण फक्त तिच्याकडे बघायचं सोडलंय.

तिथून जे वाचत सुटले ते आयर्लंडपर्यंत गेले. तिथल्या पऱ्या म्हणजे पंख लावलेल्या गोंडस मुली नव्हेत हं, तो सगळा पुढचा मेकअप. तिथे त्यांना शी म्हणतात, आणि शी म्हणजे मुळात टेकडी, जुन्या मातीच्या टेकड्यांच्या पोटात राहणारी माणसं. उंच, देखणी, आणि नादी लागू नये अशी. त्यांच्या एका जुन्या कथेत कू हुलिन नावाचा वीर आहे, तिकडचा सगळ्यात मोठा योद्धा. तो एका उभ्या दगडाला पाठ टेकून झोपतो आणि स्वप्नात दोन बायका येतात, एकीचा झगा हिरवा आणि दुसरीचा लालजांभळा. हिरवीवाली हसते आणि घोड्याच्या चाबकाने त्याला मारते. मग दुसरी येते, तीही हसते, तीही मारते. आळीपाळीने इतका वेळ मारतात की तो मरायला टेकतो. जागा होतो तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि तो वर्षभर अंथरुणाला खिळून राहतो. हे वाचताना माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण ते हसणं! मारणं नाही, हसणं. माझ्या त्या बायकाही वाईट वागल्या नव्हत्या, त्यांना मी महत्त्वाचीच वाटत नव्हते, आणि भीती वाटली ती त्याचीच. ज्याने कोणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली ना, तो नक्की कधीतरी असा न हलता पडलेला असणार, याच्यावर मी पैज लावायला तयार आहे.

नंतर मग मला जिथे तिथे तेच दिसायला लागलं. परीलोकाचे नियम घ्या. तिथे एक रात्र नाचलात तर बाहेर शंभर वर्षं उलटलेली असतात. उशीन नावाचा माणूस तरुणांच्या देशातून परत येतो, त्याच्या हिशेबाने थोडीच वर्षं झालेली असतात आणि इकडे तीनशे वर्षं गेलेली. आणि आपलं काय होतं, अलार्म स्नूझ केल्यावरच्या नऊ मिनिटांत मी एकदा अख्खं लग्न लावून, घर बदलून, म्हातारी होऊन आलेय. ओळखीच्या वावरात, रोजच्या पायवाटेवर रस्ता सापडत नाही, आपण ज्याला चकवा म्हणतो ते, तिकडे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला पिक्सींनी, म्हणजे तिथल्या खोडकर बुटक्या पऱ्यांनी, भुलवलं म्हणतात आणि उपाय काय तर अंगातला कोट उलटा करून घालायचा. स्वप्नात मी माझ्याच घरात जिना शोधत फिरते तेव्हा कोट कुठून आणू पण! आणि सगळ्यात पक्का नियम, तिथलं काही खायचं नाही. घासभर खाल्लंत की परत येणं विसरा.

पण मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट सोन्याची आहे. परी तुम्हाला मूठभर सोनं देते, तुम्ही खूश होऊन घरी येता, सकाळी बघता तर मुठीत वाळकी पानं. मी गेल्या वर्षी स्वप्नं लिहून ठेवायची असं ठरवलं होतं, लिहायचा कंटाळा म्हणून रात्री जाग आली की फोनवर व्हॉइस नोट. रात्री बोलताना अशी खात्री असायची की जगातलं सगळ्यात भारी काहीतरी हाती लागलंय, याच्यावर कादंबरी होईल, आणि सकाळी प्ले केलं की माझाच घोगरा आवाज: "निळ्या माणसाला सांग, चाक परत दे. चाक नाही दिलं तर रविवार येणार नाही." अत्यंत गंभीर सुरात. मग पाच सेकंद घोरणं. पानं हो, निव्वळ पानं.

सगळ्यांचीच पानं होतात असंही नाही म्हणा. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या लेखकाने 1888 मध्ये स्वप्नांवर एक लेख लिहिला, त्यात तो सरळ कबूल करतो की माझं अर्धं काम माझे ब्राउनी करतात. ब्राउनी म्हणजे स्कॉटलंडमधले घरगुती बुटके, घरचे झोपले की येऊन रात्रीत कामं उरकून जाणारे, आणि बक्षीस म्हणून कपडे दिलेत तर रुसून कायमचे जाणारे. स्टीव्हन्सन स्वतः स्कॉटिशच, त्याने ते बुटके उचलून डोक्यात नेऊन ठेवले. त्याच्या गाजलेल्या जेकिल आणि हाइडच्या गोष्टीतले प्रसंग त्याला असेच झोपेत दिसले, आणि तो ओरडायला लागला म्हणून बायकोने उठवलं तर वैतागला, इतकी छान भुताची गोष्ट चालली होती आणि उठवलंस कशाला! त्याच लेखात तो म्हणतो की गोष्टीतली नीतीबिती माझी, ब्राउनींना सदसद्विवेक नावालाही नाही. झोपेतल्या मेंदूबद्दल यापेक्षा नेमकं वाक्य मी तरी वाचलेलं नाही.

आणि मग रॉबर्ट कर्क. हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफॉइलचा पाद्री, शिकलेला, गेलिक बायबलच्या कामात हातभार लावलेला, आणि फावल्या वेळात पऱ्यांबद्दल लोकांना विचारून विचारून 1691-92 च्या सुमारास त्याने एक वही लिहून काढली. चेष्टा म्हणून नाही, एखाद्या शेजारच्या गावाची माहिती लिहावी तशी. त्याच्या मते पऱ्या माणूस आणि देवदूत यांच्या मधल्या, शरीर गोठलेल्या ढगासारखं, आणि दिसतात कधी तर तिन्हीसांजेला. हे मधलेपण त्याला फार नीट कळलेलं, ना उजेड ना अंधार, ना जाग ना झोप.

1692 मध्ये तो घराजवळच्या डून टेकडीवर फिरायला गेला, अंगात रात्रीचे कपडे होते म्हणतात, आणि तिथेच कोसळून मेला. टेकडी पऱ्यांची. मग गावात गोष्ट सुरू झाली की तो मेलाच नाही, आत नेलाय. तो एका नातेवाइकाला दिसला आणि म्हणाला, माझ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला मी येईन, तेव्हा आपल्या नात्यातल्या डुक्रेच्या ग्रॅहमला सांगा की माझ्या डोक्यावरून सुरी फेकायची, म्हणजे मी सुटेन. लोखंडाला पऱ्या घाबरतात ना. ठरल्याप्रमाणे तो आला, सगळ्यांनी बघितला, ग्रॅहमच्या हातात सुरी तयार, आणि तो बघतच राहिला. हात उचललाच गेला नाही. कर्क दुसऱ्या दारातून निघून गेला तो गेलाच.

मी ही गोष्ट वाचून रात्री दोन वाजता लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ नुसती बसून होते. लोक ग्रॅहमला घाबरट म्हणत असतील, पण मला माहितीय त्याचं काय झालं ते. करंगळी हलत नाही हो. सगळं दिसतंय, काय करायचंय ते कळतंय, आणि करंगळी हलत नाही.

माझी चुलतबहीण म्हणते की तू हे असलं वाचतेस म्हणून तुला तसलं दिसतं. असेलही. पण पहिल्यांदा त्या बायका आल्या तेव्हा मी यातलं अक्षरही वाचलं नव्हतं हे मी तिला तीनदा सांगून झालंय. झोपेची उधारी, उताणं झोपणं, डोक्याला ताण, यांनी असं जास्त होतं, हे मात्र खरं, आणि हल्ली कुशीवर झोपायला लागल्यापासून त्या आलेल्या नाहीत. थोडी आठवण येते असं म्हटलं तर वेडी ठरेन.

मागच्या आठवड्यात फोनमधल्या जुन्या व्हॉइस नोट्स डिलीट करत बसले होते, जागा भरलेली म्हणून. त्यात एक 41 सेकंदांची निघाली, मार्चमधली, पहाटे 3:20 ची, म्हणजे कर्क, शी, सोनं हे सगळं वाचायच्या बऱ्याच आधीची. केल्याचं अजिबात आठवत नाही. सुरुवातीला नुसता श्वास, मग चादर सरकल्यासारखा आवाज, आणि शेवटी मी, एकदम हळू, कोणाला तरी समजावल्यासारखी: "नाही नाही. मी काही खाल्लेलं नाही."

ती मात्र ठेवलीय.