पायधुणीत पाय कोरडे

पायधुणी हे नाव इंग्रजी पाटीवर वाचलं की त्यातलं पाणीच आटतं. मराठीत एकदा मोठ्याने म्हणून बघा: पाय धुण्याची जागा. मुंबई बेट आणि माझगाव यांच्यामधली खाडी ओहोटीला चिखल तुडवत ओलांडायची आणि इथे येऊन पाय धुवायचे. भरतीचं पाणी महालक्ष्मी आणि वरळीमधल्या भगदाडातून पार इथपर्यंत यायचं. 1784च्या सुमारास ते भगदाड बुजवणारा हॉर्नबीचा बांध पुरा झाला, मग हळूहळू भर पडत गेली. खाडी गेली, नाव राहिलं.

शेजारीच उमरखाडी, म्हणजे उंबराची खाडी. तिला लागून डोंगरी. तिन्ही नावं चालत अर्ध्या तासात होतात. खोलगट, खोलगट, उंच! पायधुणीहून डोंगरीकडे निघालं की चढ डोळ्यांआधी पोटऱ्यांना कळतो.

हे पडताळायला पावसाळ्यातला दिवस बरा. सर उतरल्यावर दहा मिनिटांनी रस्त्याच्या कडेचं पाणी कुठे धावतं ते बघायचं. जुना उतार ते विसरत नाही. भरती साडेचार मीटरच्या वर आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असेल, तर गटारांना समुद्रात तोंड उघडायला जागाच नसते. मग सखल भाग आपण होऊन ओळख देतो.

रस्त्याच्या पातळीवर मात्र विसंबू नये. डांबराचे थर चढून चढून तो वर येतो. एखाद्या जुन्या दुकानात पायरी चढण्याऐवजी उतरून जावं लागलं, की काय झालंय ते समजावं. मोबाइलवर दिसणाऱ्या उंचीचंही तेच: दाट वस्तीत उपग्रहाची मोजणी बऱ्याचदा जमिनीऐवजी छपरं धरते.

नावंही फसवतात म्हणा. इंग्रज या भागाला 'बिहाइंड द बझार', म्हणजे बाजारामागचा, म्हणायचे आणि त्याचंच भेंडी बाजार झालं, ही गोष्ट सांगणाऱ्याला फार आवडते, आणि तेवढ्यानेच ती संशयास्पद ठरते. दुसरं म्हणणं भेंडीच्या झाडाचं. भाजीची भेंडी नव्हे. पिवळ्या फुलांचं, पिंपळासारख्या पानांचं ते झाड. कोकणात ते खाडीकाठी, खाऱ्या मातीत मजेत वाढतं. आणि खाडीकाठची पायधुणी भेंडी बाजारापासून हाकेच्या अंतरावर आहे.