तुम्ही विचारलंत म्हणून: मारुती व्हॅनच का?

पावसाळा सरला, पाहुणे हणजुणे-वागातोरला फिरून आले, की एकजण तरी विचारतोच, "गोव्यात राहून भटकायला मारुती व्हॅन? जुनी फोक्सवागन कँपर शोधा की!" म्हणजे ती टी-शर्टवरची: दोन रंगांची, टपावर सर्फबोर्ड, मागे माड.

मलाही ती आवडते, खोटं कशाला बोलू? युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिप्पी अशाच गाड्यांतून इथवर यायचे. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, वर्ष संपता संपता रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद पडली. कार्नेवर, म्हणजे ड्यूटी न भरता तात्पुरती आणायच्या परवान्यावर आलेली गाडी मुदतीत परत न्यावी लागते, ड्यूटी भरल्याशिवाय इथे विकता येत नाही. म्हणून "कुणाच्या तरी माडांत एक पडलीय" असं कुणी सांगितलं की मी आधी कागद विचारतो. बाहेरून आणायची म्हटली, तर वापरलेली गाडी सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. झालं, बोलणंच खुंटलं.

पण कागदांचं सोडा. मला गंमत वाटते ती मानाची. फोक्सवागनची ही व्हॅन 1950 मध्ये कारखान्यातून निघाली ती मालवाहू म्हणून. इंजिन त्यांच्याच बीटल मोटारीचं, मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं, ताकद जेमतेम 25 हॉर्सपॉवर. वेस्टफालिया ही जर्मन कंपनी 1951 पासून तिच्यात कपाटं, बिछाने बसवू लागली. लांबलचक गाड्यांची सवय असलेल्या अमेरिकेत ती किरकोळ परदेशी गाडीच होती. पोरांनी घेतली, कारण सेकंडहँड स्वस्तात मिळे आणि रस्त्याकडेला पाना-पक्कड घेऊन बसलं की दुरुस्त होई. फुलं मागाहून रंगवली.

आणि आमची मारुती? डिसेंबर 1983 मध्ये 800 आली, पाठोपाठ व्हॅन, तिलाच पुढे ओम्नी म्हणू लागले. दोघींना तेच 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. सुरुवातीला सुटे भाग जपानहून येत. अँबेसिडरवाले हसायचे: पत्र्याचा डबा, घाट चढेल का? गोव्यात तर नखरा आणखी वरचा. पोर्तुगीज अमदानीत युरोपातून आलेल्या गाड्या इथल्या काही घरांनी 1961 नंतरही जपल्या होत्या. ज्याच्या पोर्चमध्ये ओपेल, तो जपानी डब्याकडे कशाला बघतोय! डबा चोर्ल्याचा घाट चढला तो चढलाच.

दोन्ही गाड्यांना बोनेट नाही. गुडघ्यांपुढे पत्रा, पत्र्यापुढे समोरचा ट्रक. दोन्ही वाऱ्यात डगमगतात. एकीला आपण स्वातंत्र्य म्हणतो, दुसरीला भाजीची गाडी. मारुतीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात बूड भाजतं, हे कबूल. पण मागे सपाट जागा मिळते, आणि क्लच प्लेट म्हापशात मिळते, जर्मनीहून मागवावी लागत नाही.

ओम्नी 2019 मध्ये बंद झाली, तेव्हा घ्यायची तर आता जुनीच. रंगाला भुलू नका. मॅट उचलून तळ बघा, सरकत्या दाराची पट्टी बघा. खारी हवा पहिली तिथेच खाते. पलंगाची फळी सुटी ठेवा, कायमचे बदल केलेत तर आरटीओची परवानगी लागेल. आणि जेवण घरून बांधून न्या. किनाऱ्यावर उघड्यावर स्टोव्ह पेटवलात तर दंड होतो, मग गाडी जर्मन असो की जपानी.