बंकरातलं मखर

यंदा गणपतीचं मखर आम्ही फर्निचरच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यापासून केलं. लेकाने त्यावर दोन रात्री जागून जाळी कापली. पाच दिवसांनी बाप्पा घरातल्याच बादलीत उठले, पण मखर मोडवेना. म्हणून ते तळघरातल्या आमच्या जाळीच्या कपाटात ठेवून आले. शेजारी स्कीज, वर रिकामे कुकरचे डबे, खाली आईने बांधून दिलेल्या लोणच्याच्या बरण्या. आठवडा झाला नाही तोच जिन्यात नोटीस लागली. तळघरातलं सगळं सामान हलवा, शेल्टरची तपासणी आहे.

कुठलं शेल्टर?

नवरा म्हणाला, "तुला काय वाटलं, एवढं जाड लोखंडी दार तुझ्या बरण्यांसाठी बसवलंय?"

सहा वर्षं त्या दारातून ये-जा करतेय. हातभर जाडीचं दार, त्याला जहाजावर असतात तसल्या कड्या. मला वाटायचं, आत लिफ्टची मोटर वगैरे असेल. तर फिनलंडात साधारण १२०० चौरस मीटरहून मोठी निवासी इमारत बांधायची तर बॉम्बपासून बचावाची खोली बांधावीच लागते. एरवी तिच्यात सायकली ठेवा, बरण्या ठेवा, कोणी काही म्हणत नाही. अट एकच, वेळ आली तर ७२ तासांत ती रिकामी होऊन वापरण्याजोगी झाली पाहिजे. दहा वर्षांतून एकदा तरी तपासणी होते, ती नेमकी आमच्या मखराच्या नशिबी आली.

हे कळल्यावर मला आणखी एक गोष्ट उमगली आणि मी जरा वेळ खुर्चीतच बसले. मी दर बुधवारी पोहायला जाते तो हेलसिंकीतल्या इताकेस्कुसचा तलाव. डोंगर पोखरून केलेला, १९९३ सालचा. तो शेल्टर आहे हे मला माहीत होतं, दारावरच लिहिलंय. पण 'माहीत असणं' आणि 'कळणं' यात फरक असतो. पाणी काढून टाकलं की तिथे ३८०० माणसं मावतात. म्हणजे मी जिथे पाठीवर तरंगत छताचे दिवे मोजते, तिथे खाटा लागणार.

माझं पोहणं विहिरीतलं. तासगावजवळच्या आजोळी मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकललं होतं. नाकातोंडात पाणी, वर काठावर पाच मामेभाऊ खिदळताहेत. मुली विहिरीत पोहत नाहीत म्हणणाऱ्या आजीला मामा म्हणाला होता, "बुडून मरण्यापेक्षा बरं." इथे येऊन बघते तर सत्तरी-ऐंशीच्या बायका कमरेला फोमचा पट्टा बांधून खोल पाण्यात उभ्या-उभ्या धावतात. वेसियुओक्सु म्हणतात त्याला, पाण्यातलं धावणं. दोघी-दोघी शेजारी, गप्पा मारत, केस कोरडे ठेवून. तो पट्टा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला माझा डबाच आठवला. आता मीही बांधते.

पोहण्याआधी कपडे काढून स्वच्छ अंघोळ, मग साउना, म्हणजे वाफेची गरम खोली, तिथे स्विमसूट चालत नाही. पहिलं वर्षभर मी या नियमावर इतकी चिडले होते की तलावाच्या गेटवरून दोनदा परत गेले. आई-मावश्यांसमोरही आपण कधी अशा बसलो नाही! आता सवय झालीय. इतकी की सांगलीच्या जलतरण तलावावर गेले होते तेव्हा बायका अंगभर कपड्यांत, शॉवर न घेता थेट पाण्यात उतरताना बघून मीच नाक मुरडलं. बहिणीने ते बरोब्बर पाहिलं. "झाली का गोरी?" म्हणाली.

तर साउना. राजकारण तिथेच चालतं. बाहेर बसथांब्यावर दोन मीटर अंतर ठेवून उभे राहणारे हे लोक वाफेत मोकळे होतात. एक आजी आहेत, नाव मी विचारलेलं नाही, इथे कोणी विचारत नाही. मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते. त्यांच्या आईने रशियाच्या सीमेलगतच्या कारेलियातलं घर दोनदा सोडलं. एकदा १९४० मध्ये, रशियाशी झालेल्या हिवाळी युद्धानंतर मुलूख गेला तेव्हा. मग मुलूख परत मिळाला म्हणून गेली, चूल पेटवली, आणि १९४४ मध्ये पुन्हा निघाली. हे सांगताना आजींचा आवाज इतका सपाट की जणू गॅसचं सिलिंडर बदलल्याची गोष्ट. २०२५च्या जूनमध्ये इथल्या संसदेने भूसुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडायचं ठरवलं तेव्हा मी जरा अडखळत म्हटलं, की सुरुंग शेवटी शेतकऱ्याच्या आणि पोरांच्याच पायाखाली येतात. आजींनी पळीभर पाणी दगडांवर टाकलं. वाफेचा लोट आला. "रशियाशी सीमा १३४० किलोमीटर," म्हणाल्या, "आणि आम्ही एवढेच." विषय संपला. मला पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. पण दोनदा घर सोडलेल्या बाईच्या मुलीशी वाद घालायला माझ्याकडे काय होतं?

एवढेच म्हणजे ५६ लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या सांगली जिल्ह्यात २८ लाख होते. दोन सांगल्या म्हणजे एक फिनलंड. म्हणून मला राग येतो तो आपल्याकडच्या लोकांनी 'बघा, तिकडे कसं सगळं शिस्तीत' म्हटलं की. दोन सांगल्यांना शेल्टर बांधून देणं आणि एकट्या मुंबईला देणं यात फरक नाही का? शिवाय सांगलीकरांना तयारी कोणी शिकवू नये. जुलै लागला की घरोघरी एकच चौकशी, कोयनेतून किती सोडलं आणि आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आहे. ४५ फूट ही धोक्याची पातळी पाचवीतलं पोर सांगेल. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आईने कुणाच्या नोटिशीची वाट न पाहता धान्याचे डबे, देव आणि माझं दहावीचं प्रमाणपत्र, या क्रमाने माडीवर नेलं. ७२ तास कुठले, तीन तासांत.

पण मग २०२५चा मे महिना आठवतो आणि माझी बोलती बंद होते.

७ मेला देशभर मॉक ड्रिल, त्याच पहाटे ऑपरेशन सिंदूर. मी इथे ऑफिसात हेडफोन लावून मराठी-हिंदी वाहिन्या बघत बसले. ८ तारखेच्या रात्री काहींनी कराची बंदर उद्ध्वस्तच करून टाकलं. सायरनचे आवाज स्टुडिओतून वाजवत होते. सकाळी बंदर जिथल्या तिथे. इथे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बारा वाजता खरा भोंगा वाजतो, चाचणीचा, आणि लोक सँडविचचा घास तसाच चावत राहतात. हे मी घरच्या ग्रुपवर लिहिलं. चुलतभावाचं उत्तर आलं, "तू तिथे साउनात बसून आम्हाला शिकवू नकोस." चार जणांनी अंगठे दिले. त्यातला एक अंगठा बहिणीचा होता.

आईला फोन केला. ती कुरडयांचा चीक हाटत होती. "युद्ध होईल नाहीतर न होईल, चीक पातळ झाला तर कुरडया मोडणार हे नक्की." १९७१च्या डिसेंबरात ती गिरगावात मावशीकडे होती. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावायचं काम पोरांकडे, आणि खळ खाल्ली म्हणून मार. तिच्या युद्धाच्या आठवणीत खळीची चव आहे. पण हीच आई २०२२च्या फेब्रुवारीत, रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा, रडत म्हणाली होती, "बाई, असेल तसं सामान बांध आणि ये." स्वतःच्या दारातलं संकट कुरडयांएवढं आणि लेकीच्या दारातलं डोंगराएवढं. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, इथे फार सुरक्षित आहे. त्या ऑक्टोबरात औषधांच्या दुकानांतून किरणोत्सारापासून बचावाच्या आयोडीनच्या गोळ्या संपल्या, ते तिला सांगितलं नाही. आमच्या चार गोळ्या मसाल्याच्या डब्याच्या फळीवर आहेत.

आता खरं सांगायचं ते. आम्हाला इथे नऊ वर्षं झाली. नागरिकत्वासाठी आता आठ लागतात, म्हणजे अर्ज करता येतो. नवरा करायचा म्हणतो. लेक पंधरा वर्षांचा आहे. नागरिक झाला तर अठराव्या वर्षी लष्करी सेवा, कमीत कमी १६५ दिवस. त्याच्या वर्गातली मुलं याबद्दल ड्रायव्हिंग लायसन्ससारखं बोलतात. तोही. मी गेले वर्षभर 'जन्मदाखला सांगलीहून मागवते' म्हणतेय. जन्मदाखला माझ्या कपाटात आहे. देशाचा तलाव चालतो, शाळा चालते, बॉम्ब पडला तर तळघरात तीन जणांची जागाही धरलेली आहे, फक्त मुलगा द्यायची वेळ आली की माझे कागद सापडत नाहीत. पण आपल्याकडे तरी अशी सक्ती कुठे आहे? सैन्यात जाणारे स्वतःहून जातात. हे मी नवऱ्याला ऐकवते तेव्हा तो काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

शनिवारी तळघर रिकामं केलं. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ, आमच्या जिन्याच्या शेल्टरची जबाबदारी त्यांच्याकडे, हातात यादी घेऊन उभे. बरण्या, स्कीज, डबे वर गेले. मखर दारातून तिरकं काढावं लागलं, तेव्हा त्यांनी यादी खिशात घातली आणि एक बाजू धरली. हे काय, विचारलं. मी म्हटलं, देवाचं घर, वर्षातून पाच दिवसांचं. त्यांनी लेकाने कापलेल्या जाळीवरून बोट फिरवलं.

तपासणी झाल्यावर परत खाली ठेवू का, मी विचारलं.

ते मखराकडे बघत हिशेब करत राहिले. "दोन माणसं लागतील. ७२ तासांत वर नेता येईल?"

"येईल."

"मग ठेवा."