शून्याखालची निम्मी बाजू

रात्रीचे साडेअकरा. दुसऱ्या खिडकीत संध्याकाळी सातला सुरू केलेली स्क्रिप्ट चालू आहे. आमच्या डेटाबेसमधल्या जुन्या नोंदींचे आयडी, म्हणजे प्रत्येक नोंदीचा क्रमांक, दहा-दहा हजारांनी नव्या कॉलममध्ये उतरवतेय.

सकाळी नऊच्या सुमारास नव्या नोंदी पडायच्या थांबल्या. जुन्या सगळ्या दिसत होत्या, नवी एकही जात नव्हती. लॉग उघडला आणि आकडा पाहून पोटात धस्स झालं: २,१४,७४,८३,६४७. ३२ बिटच्या पूर्णांकात यापुढे मोजताच येत नाही, आणि टेबल बनवताना आयडी साधा 'इंट', म्हणजे असाच ३२ बिटचा पूर्णांक, ठेवलेला.

या आकड्याचा धाकटा भाऊ मला बाराव्या वर्षी भेटला होता. जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत एक खेळ लिहीत होतो. ओळींना १०, २०, ३० असे नंबर, मध्ये काही सुचलं तर जागा असावी म्हणून. स्कोअरच्या नावापुढे टक्क्याचं चिन्ह लावलं की हिशेब पटपट होतो असं वाचलं होतं, म्हणून लावलं. गुण ३२,७६७च्या पुढे गेले की खेळ बंद आणि पडद्यावर 'ओव्हरफ्लो'. चिन्ह काढलं की सगळं सुरळीत. पण ३२,७६७च का? वहीत १, २, ४, ८ असं दुप्पट करत गेलो. सोळाव्या दुपटीला ६५,५३६ आले, त्याचे निम्मे ३२,७६८; त्यातला एक शून्याला गेला की उरले ३२,७६७. म्हणजे निम्मे आकडे शून्याच्या खाली! माझा स्कोअर तिकडे कधी जाणारच नव्हता, तरी एवढी जागा तिथे रिकामी पडून होती. ती वही मी घरभर दाखवत फिरलो.

कॉलेजात सी भाषेत प्रोग्राम लिहायचं टर्बो सी आलं. तिथे ३२,७६७मध्ये एक मिळवला तर तक्रार नाही, उत्तर सरळ उणे ३२,७६८. बेसिक निदान थांबून सांगायचं. गुपचूप चुकणाऱ्या प्रोग्रामची धास्ती तेव्हापासूनची; दुसऱ्याचा कोड तपासताना आजही मी आधी तेच शोधतो. आणि नोकरीची पहिली वर्षं तर दुसऱ्यांचा कोड वाचण्यातच गेली. लहानपणी खेळणारा मीच, दुरुस्त करणाराही मीच. इथे पलीकडे माणसं ताटकळत असतात.

खरा उपाय म्हणजे कॉलम ६४ बिटचा करणं. पण तसं थेट करायला गेलं की अख्खं टेबल नव्यानं लिहिलं जातं, आणि तोवर सगळं ठप्प. चर्चा चालू असताना एकदम ती वही आठवली. म्हटलं, शून्याखालची बाजू कोरीच आहे, उणे २,१४,७४,८३,६४८पासून मोजायला लागू या. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीनं विचारलं, "पण सर, मोठा आयडी म्हणजे नवी नोंद, असं कुठे धरलं असेल तर?" अगदी बरोबर होतं तिचं. शोधलं तर तीन जागा निघाल्या. तिथे क्रम तारखेवर लावला, पुन्हा तपासलं, आणि दुपारी एकला पहिली उणे नोंद पडली. आम्ही सगळे काही न बोलता तिच्याकडे बघत राहिलो.

६४ बिटच्या नव्या कॉलममध्ये आयडी उतरवणारी स्क्रिप्ट आत्ता अकरा कोटींवर आहे. दुपारच्या त्या नोंदीपर्यंत पोचायला तिला अजून साडेतीन दिवस लागतील.