कोयनेत मिलिमीटर मोजताना

जमीन किती सरकते हे पाहायला कोयना खोऱ्यात जी जीपीएस मोजणी करतो, तीत सगळ्यात जास्त घाम अँटेनाची तिपाई लावताना निघतो. कातळात एपॉक्सीनं पक्की केलेली स्टीलची खूण असते, तिच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा खळगा. अँटेनाचं केंद्र बरोब्बर त्यावर यायला हवं. केंद्र जुळवावं तर पातळीचा बुडबुडा पळतो, बुडबुडा आणावा तर केंद्र सरकतं. मग अँटेनाची उंची तीन बाजूंनी मोजायची आणि सामान आवरण्याआधी पुन्हा एकदा. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, पण घोळ होतो तो या दीड मीटरात.

रिसीव्हर सुरू झाला की दर ३० सेकंदांनी नोंद, सलग दोन-तीन दिवस. आपण बॅटरी बदलायची आणि म्हशी हाकलायच्या. त्यांना तिपाईला अंग घासायला फार आवडतं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथं ६.३ रिश्टरचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. लहान धक्के अजूनही बसतात. सड्यावर गुरं घेऊन आलेले एक आजोबा म्हणाले, "मशिन लावलंय, तर पुढचा कवा येनार त्येवढं सांगा की!" म्हटलं, "आजोबा, ते नाही कळत. जमीन किती सरकली तेवढंच कळतं." त्यांना ते काही पटलं नाही.

तेही सहज कळत नाही. आख्खा भारतच वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे चाललाय. हैदराबाद, बंगळुरूच्या कायमच्या केंद्रांशी ताडून तो सामाईक प्रवास वजा केला, की उरतात मिलिमीटर. त्यात पावसाळ्यात पाण्याच्या भारानं जमीन दबते, म्हणून दरवर्षी ठरावीक ऋतूतच जायचं. हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीवर २०१८ मध्ये शिखराचा तळ पाचशे मीटरहून जास्त खचला. तिथं मोजणाऱ्यांचा हेवा वाटावा, की वाटू नये?

आधीच्या वर्षांच्या नोंदी सिनिअर्सच्या वह्यांत होत्या. एका वहीत उंची होती, पण तिरपी (खुणेपासून अँटेनाच्या कडेपर्यंत) मोजलेली की उभी, याचा पत्ता नाही. फरक सेंटीमीटरभराचा. त्या वर्षाची खाली-वरची हालचाल सोडून दिली, आडवी तेवढी घेतली. नकाशावर वेगाचे बाण काढले, तर बरेचसे त्रुटीच्या वर्तुळातच मावले, म्हणजे हालचाल मोजणीतल्या चुकीपेक्षा मोठी नव्हती. प्रबंधात तसेच छापले. परिशिष्टात माझ्या सगळ्या उंच्या जोडल्या, प्रत्येकीपुढे 'तिरपी' असं लिहून.