आधी शाळा, मग घर: नाशिकमध्ये भाड्यानं घर घेताना

नाशिकमध्ये भाड्याचं घर शोधताना बहुतेक जण भाड्याच्या आकड्यापासून सुरुवात करतात. आम्ही शाळेपासून केली. मुलं दोन, एक पहिलीत जाणारं, दुसरं चौथीत. नोकरी अंबड एमआयडीसीत. घराचा सगळा मिळून खर्च 15,000 रुपयांच्या आत. एवढं कागदावर लिहिलं आणि नकाशा उघडला.

शाळेची चौकशी फलकावरून करू नये. ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलेली शाळा सीबीएसईशी संलग्न असेलच असं नाही. संलग्नता क्रमांक मागायचा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर तो कोणत्या वर्षापर्यंत आहे ते पाहायचं. राज्य मंडळाच्या शाळेसाठी 11 अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, पुरतो. त्यावरून पटसंख्या, शिक्षकांची संख्या, वर्ग कुठपर्यंत आहेत हे दिसतं. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंतच असलेल्या शाळेजवळ घर घेतलं की दोन-तीन वर्षांत पुन्हा सामान बांधायची वेळ येते.

मग रस्ता. मुंबई-आग्रा महामार्ग शहराला उभा चिरत जातो. सिडको, गोविंदनगर, अंबड एका बाजूला. इंदिरानगर, वडाळा, पाथर्डी गाव दुसऱ्या बाजूला. नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारी शाळा महामार्गाखालच्या इंदिरानगर बोगद्यापलीकडे असेल, तर सकाळच्या वेळी ते अंतर वेगळंच होतं. म्हणून घर, शाळा आणि शक्यतो नोकरी महामार्गाच्या एकाच बाजूला, ही आमची पहिली चाळणी. शाळेची आणि कंपनीच्या पहिल्या पाळीची वेळ गाठून दोन दिवस तो रस्ता स्वतः केला. रविवारी दुपारी पाहिलेला रस्ता हिशेबात धरू नये.

भाड्याची तुलनाही शाळा धरूनच करावी लागते. गोविंदनगरच्या एका घराचं भाडं 14,000 आणि मेंटेनन्स 1,000. शाळा चालत बारा मिनिटांवर. पाथर्डी फाट्यापलीकडचं घर 11,000 आणि मेंटेनन्स 500. पण दोन मुलांची व्हॅन प्रत्येकी 1,700, म्हणजे 3,400. बेरीज केली तर 15,000 विरुद्ध 14,900! तीन हजारांनी स्वस्त दिसणारं घर प्रत्यक्षात शंभर रुपयांनीच स्वस्त होतं, आणि वर मुलांचा रोजचा तासभर व्हॅनमध्ये. व्हॅनचे पैसे दहा महिन्यांचे घेतात की बाराचे, तेही आधीच विचारावं.

परिसर सुरक्षित आहे का, याचं उत्तर एजंटकडून मिळत नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर दाखल गुन्ह्यांचे एफआयआर पाहता येतात. तिथे नाशिक शहर निवडायचं, मग त्या भागाचं पोलीस ठाणं: अंबड, इंदिरानगर, मुंबई नाका, जे असेल ते. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या घरफोड्या, वाहनचोऱ्या आणि सोनसाखळी ओढण्याचे गुन्हे कोणत्या गल्ल्यांत झाले ते वाचायचं. संवेदनशील गुन्हे तिथे दिसत नाहीत, त्यामुळे यादी पूर्ण नसते. पण वाहनचोऱ्या एकाच सोसायटीच्या आसपास पुन्हा पुन्हा दिसल्या तर कारण शोधावं. बहुधा पार्किंगला फाटक नसतं किंवा पथदिवे बंद असतात. त्यानंतर रात्री साडेनऊच्या सुमारास त्या गल्लीतून चालत जायचं, शाळा ते घर हाच रस्ता धरून.

नदीकाठचं घर असेल तर पूररेषा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरी किती चढली ते नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमधलं पाणी काठच्या लोकांच्या लक्षात आहे. नासर्डीच्या काठीही तळमजल्याच्या बाबतीत हीच काळजी घ्यावी. तळमजल्याच्या भिंतींवर ओल कोणत्या उंचीपर्यंत आहे ते पाहावं आणि शेजाऱ्यांना विचारावं.

पाण्यासाठी एकच प्रश्न, तोही वॉचमनला: मे महिन्यात टँकर लागतो का, आणि त्याचे पैसे कोण देतं?

विजेचं जरा सविस्तर सांगायला हवं. सिडकोच्या योजनांतल्या घरांवर पुढे मजले चढले आहेत आणि वरचा मजला भाड्यानं देताना बऱ्याचदा स्वतंत्र मीटर नसतो, मालकाच्या मीटरवरून सबमीटर असतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो: 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, त्यापुढे आणखी चढा. दोन कुटुंबांचे युनिट एकाच मीटरवर आले की वरच्या टप्प्याचा दर लागतो आणि तुमचे 90 युनिटही महाग पडतात. स्वतंत्र मीटर नसेल तर ते घर आम्ही यादीतून काढलं. असेल तर शेवटचं बिल मागून घ्यायचं. नाव मालकाचंच आहे का, थकबाकी आहे का आणि मागच्या महिन्यांचे युनिट किती, हे सगळं त्यावर कळतं. मालकी तपासायला त्याबरोबर घरपट्टीची पावती किंवा खरेदीखताचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, पाहावा. घर दाखवण्याआधीच क्यूआर कोड पाठवून टोकन मागणाऱ्याशी पुढे बोलूच नये. बदली झालेला लष्करी अधिकारी असल्याचं सांगून अशी फसवणूक सर्रास होते.

सर्वांत जास्त चुका होतात त्या करारात. ‘11 महिन्यांचा आहे, नोटरी पुरे’ असं मालकही सांगतात आणि एजंटही. इतर बऱ्याच राज्यांत वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, त्यावरून हा समज आला आहे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी न केल्यास अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे शांतपणे सांगितलं की बहुतेक मालक तयार होतात.

खर्च वाटतो तेवढा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर धरलेलं वार्षिक 10 टक्के व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के. भाडं 14,000, मुदत 11 महिने, अनामत 42,000 असेल तर ही बेरीज 1,58,000 च्या आसपास, म्हणजे शुल्क चारशेच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. वर एजंटचा मेहनताना आणि हाताळणी शुल्क. आधार, पॅन, दोन साक्षीदार आणि अंगठ्याचा ठसा लागतो. नोंदणी ऑनलाइन होते, त्यामुळे मालक पुण्यात असले तरी ते तिथूनच ठसा देऊ शकतात. वयस्कर मालकांचा अंगठा बऱ्याचदा उमटत नाही, तेव्हा दुसरी बोटं लावून पाहावी आणि त्यासाठी एक दिवस राखून ठेवावा.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत राखीव असलेल्या, 25 टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर हा करार अर्जाच्या तारखेआधीचा, नोंदणीकृत आणि किमान 11 महिन्यांचा असावा लागतो. करार पालकांपैकी एकाच्या नावावर करावा. मामाच्या किंवा आजोबांच्या नावावर केला की पडताळणीत अडकतो. सोडतीत शाळेपासून 1 किलोमीटरच्या आतल्या मुलांना प्राधान्य, मग 1 ते 3 किलोमीटर. म्हणून अर्जातल्या नकाशावरची खूण आपल्या इमारतीवरच ठेवायची आणि करारातला पत्ता तिच्याशी जुळवायचा. अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात. डिसेंबरपर्यंत करार हातात असलेला बरा. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना या जागा लागू नाहीत. वंचित गटातल्या पालकांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना वार्षिक 1 लाखाची आहे.

करारात आम्ही तीन ओळी आग्रहानं घालून घेतल्या: घर सोडण्याची नोटीस एक महिना, अनामत किल्ली देताना त्याच दिवशी परत, आणि रंगाचे पैसे कापायचे असतील तर किती ते आकड्यात. सोसायटीचा भाडेकरू आकार, ज्याला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज म्हणतात, तो मालकानं भरायचा असतो आणि सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तो मेंटेनन्समध्ये मिसळून आपल्याकडून घेतला जात नाही ना, ते पावतीवर पाहावं.

सामान येण्याच्या आदल्या दिवशी रिकाम्या घराचे फोटो काढले: नळ, कडीकोयंडे, फरशीचा तुटका कोपरा, संडासातली गळती, मीटरचं रीडिंग. ते सगळे त्याच संध्याकाळी मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘बरोबर आहे’ एवढं उत्तर मागून घेतलं.